चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कोणी कौतुकाने उच्चारीत नाही. बदलीच्या नोकरीपायी दर पाच-सहा वर्षांनी ट्रंका, वळकट्या आणि पाटा-वरवंटा घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला ती ऐकावी लागते, आणि ऐकविणारा बहुधा स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसलेला असतो. मी बत्तीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकविला आणि त्या बत्तीस वर्षांत पाच गावांचे पाणी प्यालो. तेव्हा ही म्हण मला अपरिचित नाही. शेवटी साताऱ्यास चार खोल्यांचे घर बांधले, दारात पारिजातक लावला, आणि आता येथून हलणे नाही असे आम्ही उभयतांनी ठरवून टाकले.

म्हणूनच गेल्या वर्षी डेन्व्हरहून चिरंजिवांचा फोन आला आणि तो म्हणाला, “बाबा, तुम्ही इकडं आलात की आठ दिवसांसाठी एक घर भाड्यानं घेणार आहोत, आणि त्या घराला चाकं आहेत,” तेव्हा आमची ही एवढेच म्हणाली, “म्हातारपणी पुन्हा बिऱ्हाड हलवायचं का?”

अमेरिकेत या वाहनाला ‘आर. व्ही.’ म्हणतात. मी त्याला मोटारघर म्हणेन. आपल्या एस. टी. पेक्षा किंचित आखूड, बाहेरून पांढरे स्वच्छ, आणि आत शिरले की गॅसची शेगडी, थंड कपाट, मोरी, न्हाणीघर, जेवणाचे मेज, आणि दोन-तीन ठिकाणी उलगडणारे पलंग. चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर एक बिछाना होता. तो आमच्या नऊ वर्षांच्या नातीने पाहताक्षणी बळकावला. मी, ही, चिरंजीव, सूनबाई आणि नात असे आम्ही पाच जण.

गाडी ताब्यात घेण्याचा सोहळा तासभर चालला. भाड्याच्या आवारातील तरुण मोठा तत्पर होता. दिवसाचे भाडे निराळे, मैलांचे निराळे, आणि वीज निर्माण करणारे यंत्र चालविले तर त्याचे तासावर निराळे, असा हिशेब त्याने समजावून दिला. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. पहिली पिण्याच्या पाण्याची, दुसरी मोरीतल्या सांडपाण्याची, आणि तिसरी कशाची ते सणासुदीच्या अंकात न सांगितलेले बरे. ती कोठे आणि कशी रिकामी करायची, हे तो सांगत असता सूनबाई आकाशातील ढगांकडे पाहू लागल्या आणि सर्व जबाबदारी चिरंजिवांकडे गेली. मग त्या तरुणाने गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखडा कागदावर टिपला. आपल्याकडे घरमालक नव्या भाडेकरूला भिंतीवरचे खिळे मोजून दाखवितो, तसाच तो प्रकार. शेवटी कागदावर परतीची तारीख आणि वेळ लिहिली गेली, किल्ली हाती आली, आणि आम्ही वायोमिंगच्या वाटेला लागलो. पाचशे मैलांहून अधिक अंतरावरचे यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान हे आमचे ठिकाण होते.

शहर मागे पडल्यावर हिने पोह्यांचा डबा उघडला आणि सहज विचारले, “अहो, घर असताना घराबाहेर पडायचं, आणि बाहेर जाऊन पुन्हा घरातच राहायचं, ही कल्पना आधी कुणाला हो सुचली असेल?”

इतिहासाच्या मास्तराला असे विचारू नये. पुढचे आठ दिवस गाडीतल्या चार जीवांना माझे उत्तर तुकड्या-तुकड्यांनी ऐकावे लागले. तेच येथे एकत्र सांगतो.

चिरंजिवांचे मत असे, की यात शोधण्यासारखे काही नाही. पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांच्या छताच्या गाड्यांपासून ही परंपरा आली. कॅस्पर गावाच्या नैर्ऋत्येस रस्त्यालगत इंडिपेंडन्स रॉक नावाचा प्रचंड ग्रॅनाइटचा खडक आहे. १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत ऑरिगन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणारे तांडे या खडकाखालून जात. ४ जुलै या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथवर पोहोचले तर पुढचे डोंगर हिमवर्षावापूर्वी ओलांडता येत, असा अंदाज असे. जाणाऱ्यांनी कोरलेली हजारो नावे त्या खडकावर आहेत. नातीने त्यातली बरीच वाचून काढली.

परंतु त्या गाडीत घर नव्हते. तिची पेटी सुमारे १० फूट लांब आणि ४ फूट रुंद. तीत पीठ, खारवलेले मांस, नांगराचे फाळ आणि बियाणे ठासून भरलेले असे. माणसे बहुतांशी गाडीच्या बाजूने पायी चालत, लेकुरवाळ्या बायकासुद्धा. सुमारे दोन हजार मैलांची ही पायपीट मौजेसाठी कोणी केली नाही. तेव्हा हिच्या प्रश्नाचे उत्तर त्या खडकावर नव्हते. ते शोधायला इंग्लंडात जावे लागते.

विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे स्कॉटिश गृहस्थ आरमारात डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले आणि लंडनच्या पश्चिमेस ट्वायफर्ड गावी राहू लागले. इंग्लंडच्या रस्त्यांवर जिप्सी लोकांच्या घरगाड्या हिंडत असत. तसे आपणही हिंडावे, पण सभ्य गृहस्थाच्या इतमामाने, असे डॉक्टरसाहेबांच्या मनाने घेतले. त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून एक गाडी बांधवून घेतली. बाहेरून महॉगनी, आतून मेपलचे लाकूड, वजन दोन टनांच्या घरात, आणि ओढायला दोन घोडे. नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. आणि आरमारी माणूस असल्यामुळे तिला म्हणत जमिनीवरचे गलबत. १८८५ च्या उन्हाळ्यात ते ट्वायफर्डहून निघाले आणि थेट स्कॉटलंडच्या उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत गेले. तेराशे मैलांची ही सफर. बरोबर एक गाडीवान, एक खाजगी नोकर, एक मोठा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीन चाकी सायकलवरून पुढे जाई आणि अरुंद वळणांवर समोरून येणाऱ्यांना अवजड गाडीची वर्दी देई. पुढल्या वर्षी त्यांनी या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. हौसेखातर बांधलेली पहिली घरगाडी म्हणून ‘वाँडरर’ची गणना होते आणि ती आजही जतन करून ठेवलेली आहे.

डॉक्टरसाहेब स्वतःला कौतुकाने ‘सभ्य गृहस्थ जिप्सी’ म्हणवून घेत. मला इतिहासात सर्वांत उद्‌बोधक वाटला तो हाच शब्दप्रयोग. कारण त्याच सुमारास खऱ्या जिप्सींच्या गाड्यांवर इंग्लंडात काय गुदरत होते, ते शेजारी ठेवून पाहावे.

जिप्सी, म्हणजे स्वतःस रोमा अथवा रोमनी म्हणविणारे लोक, सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. भाषाशास्त्राने हे निःसंशय ठरविले आहे. ते पाण्याला ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’. दोन, तीन, चार यांना ‘दुइ’, ‘त्रिन’, ‘श्तार’. घराला त्यांचा शब्द ‘खेर’, म्हणजे आपलेच घर. मात्र रस्त्याला ते ‘द्रोम’ म्हणतात आणि हा शब्द ग्रीक आहे. घर हा शब्द त्यांनी येथून नेला, रस्ता त्यांना वाटेत मिळाला. हे मी गाडीत सांगितले तेव्हा नात माळ्यावरून खाली डोकावून ‘दुइ, त्रिन, श्तार’ घोकू लागली.

इंग्लंडात ते आधी तंबूत राहत. रंगविलेल्या लाकडी घरगाड्या त्यांच्याकडे आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. या गाड्यांना सरकारी दप्तरात नोंदवावे, त्यांची तपासणी व्हावी, मुले शाळेत घालावी, यासाठी जॉर्ज स्मिथ नावाच्या एका परोपकारी गृहस्थाने १८८० नंतर चळवळ आरंभिली. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या आणि कालव्यांतल्या होड्यांवर वाढणाऱ्या मुलांसाठी त्याने पूर्वी कायदे घडवून आणले होते, त्यामुळे त्याच्या हेतूविषयी शंका नको. परंतु त्याच्या नजरेला फिरत्या घरात राहणे हीच मुळी व्याधी वाटे. त्याचे विधेयक पुनःपुन्हा पार्लमेंटात आले. जत्रेतले खेळवाले १८८९ साली संघटित होऊन त्याविरुद्ध उभे राहिले आणि ते मंजूर झाले नाही. म्हणजे ज्या दशकात डॉक्टरसाहेबांच्या गाडीचे कौतुक होत होते, त्याच दशकात तसल्याच दुसऱ्या गाडीला कायद्याने वेसण घालण्याची खटपट चालली होती. आपल्याकडेही इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत त्यांची हजेरी घेतली, हे आपण जाणतोच.

डॉक्टरसाहेबांचे अनुकरण झपाट्याने झाले. घरगाडीत राहणे ज्यांचा छंद आहे अशांनी १९०७ साली लंडनात कॅरव्हॅन क्लब स्थापन केला आणि स्टेबल्स त्याचे एक उपाध्यक्ष झाले. सर्वांनाच गाडी बांधवून घेणे परवडत नसे, म्हणून घोड्यासकट गाडी आठवड्याच्या बोलीने भाड्याने देण्याचा व्यवसायही उभा राहिला. एलिझाबेथ फॉन आर्निम या लेखिकेने १९०७ च्या उन्हाळ्यात केंट परगण्यात अशी सफर केली. पावसाने तिला धुऊन काढले. दोन वर्षांनी तिने त्यावर एक विनोदी कादंबरी लिहिली, तिचा नायक एक जर्मन सरदार. सहल स्वस्तात होईल या आशेने तो भाड्याच्या गाडीतून निघतो आणि चिखल, ओले सरपण आणि बायकोचे बदललेले मन यांना तोंड देत राहतो. माझ्या चिरंजिवांनी पहिल्या रात्री पाण्याची नळी उलट्या तोटीला लावून स्वतःस नखशिखान्त भिजवून घेतले, तेव्हा मला त्या सरदाराची आठवण झाली. पण मी बोललो नाही. गाडी अजून सात दिवस त्यालाच चालवायची होती.

इंग्लंडच्या या गोष्टीचा शेवट सांगून टाकतो. १९५९ च्या रस्त्यांविषयीच्या कायद्यात एक कलम होते. फेरीवाला किंवा जिप्सी रस्त्याच्या कडेला मुक्काम करील तर तो गुन्हा. कलमात नुसता गाडीचा उल्लेख नव्हता, गाडी कोणाची याचा होता. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने घरगाड्यांच्या तळांना परवाने आवश्यक केले. त्यातून हौशी मंडळींच्या मान्य संस्थांना सूट मिळाली, पण जिप्सींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुक्काम बंद पडत गेले. १९६८ साली सरकारला चूक उमगली आणि त्यांच्यासाठी तळ उभारणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. १९९४ साली तेही बंधन काढून घेण्यात आले.

आता अमेरिकेकडे वळू. घोडा जाऊन मोटार आली आणि घरगाडीला पंख फुटले. १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची आणि धुण्याभांड्याची सोय असलेली मोटार मांडली. ती अर्थात लक्ष्मीपुत्रांसाठी. यलोस्टोनमध्ये १ ऑगस्ट १९१५ पासून मोटारींना प्रवेश मिळाला. तोवर तेथे घोड्यांच्या टपाल-गाड्या चालत आणि प्रवासी हॉटेलांत किंवा ठेकेदारांच्या तंबूत उतरत. जे आपली गाडी आणि आपला शिधा घेऊन येत, त्यांना थट्टेने तेथल्या सेजब्रश नावाच्या झुडपावरून ‘सेजब्रशर’ म्हणत. मोटार येताच हेच झुडपाखालचे लोक बहुसंख्य झाले. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे अशा मोटारवाल्या प्रवाशांनी एक संघ काढला. डब्यातले अन्न खाणारे म्हणून लोक त्यांना पत्र्याच्या डब्याचे प्रवासी म्हणत. त्यांनी तेच नाव घेतले आणि मोटारीच्या तोंडाशी एक डबा जोडून तीच आपली खूण केली.

पुढचे एक साल मात्र मी गाडीतल्या सर्वांकडून पाठ करून घेतले. ते १९३६. या वर्षी लॉस एंजल्समध्ये वॉली बायम यांनी ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ नावाची घरगाडी विक्रीस आणली. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेली, विमानासारखी चकाकणारी. किंमत १,२०० डॉलर. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती, तरी लोकांच्या उड्या पडल्या. आणि याच वर्षी फेब्रुवारीत याच लॉस एंजल्सच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवर पाठविले. ओक्लाहोमा, टेक्सस या भागांत दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी शेती उडून गेली होती. तिकडची कुटुंबे मोडक्या मोटारींवर गाद्या, चुली आणि म्हातारी माणसे लादून कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे येत होती. त्यांच्याजवळ पैसा दिसला नाही की शिपाई त्यांना माघारी लावीत. शहराच्या पोलिसांना राज्याच्या सरहद्दीवर काय अधिकार, असा ओरडा झाला आणि काही आठवड्यांनी ते पहारे उठले. तिसरी गोष्टही याच वर्षीची. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने एक छोटी पुस्तिका छापली. काळ्या प्रवाशाला कोठे अन्न, पेट्रोल आणि रात्रीचा निवारा मिळेल आणि अपमान होणार नाही, त्या ठिकाणांची ती यादी होती. ती तीस वर्षे निघत राहिली. व्हर्जिनियातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात काळ्या लोकांसाठी वेगळा तळ १९३९ साली उघडला, यावरून तिची गरज ध्यानी येईल.

त्या सरहद्दीच्या प्रकरणाचा शेवट मात्र गोड आहे आणि तो कौटुंबिक असल्यामुळे मुद्दाम सांगतो. गरीब माणसाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात कायद्याने गुन्हा होता. फ्रेड एडवर्ड्स नावाच्या माणसाने टेक्ससला जाऊन आपल्या बायकोच्या बेकार भावाला मोटारीतून घरी आणले. मेहुण्याला घरी आणल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती तहकूब ठेवली होती एवढेच. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायमूर्तींनी एकमताने तो कायदा रद्द केला. गरिबी हा कोणाच्याही हिंडण्याफिरण्यावर डाग नव्हे, असा त्याचा आशय. “मेहुण्यासाठी इतकं करणारा नवरा पाहिजे,” असे ही म्हणाली, आणि चिरंजिवांनी लक्ष रस्त्यावर असल्याचे दाखविले.

महायुद्धानंतर हे सारे मोठ्या प्रमाणावर झाले. १९५६ च्या कायद्याने देशभर रुंद रस्ते होऊ लागले. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कारखान्यातून १९६६ पासून मोटारघरे बाहेर पडू लागली आणि त्यांची किंमत इतरांपेक्षा इतकी कमी होती, की पुढे कित्येक लोक कोणत्याही मोटारघराला विनेबागोच म्हणू लागले. १९७० नंतर ती भाड्याने देणारी आवारे शहरोशहरी झाली. विनेबागो हे तेथल्या परगण्याचे नाव, आणि परगण्याला ते मिळाले एका आदिवासी राष्ट्रावरून. त्या लोकांना सरकारने विस्कॉन्सिनमधून आयोवात, तेथून मिनेसोटात, तेथून साउथ डकोटात हलविले, आणि अखेरीस नेब्रास्कात त्यांचा पाय स्थिरावला. पंचवीस वर्षांत एवढी बिऱ्हाडे! या मौजेच्या वाहनावर त्यांचे नाव यावे, हा योगायोग कोणी ठरवून केलेला नाही. पण वाचल्यापासून तो माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही यलोस्टोनमध्ये पोहोचलो. फिशिंग ब्रिज येथे मोटारघरांचा तळ आहे. अस्वलांच्या वावरामुळे तेथे कापडी तंबूला मनाई, भक्कम भिंतींची गाडीच पाहिजे. जागेचा क्रमांक शोधून गाडी उभी केली, चाकांखाली फळ्या सारून ती सपाट केली, पाण्याची आणि विजेची जोडणी केली, आणि हिने शेगडीवर पिठले टाकले. अर्ध्या तासात शेजारच्या गाडीतले गृहस्थ वास कसला म्हणून विचारायला आले आणि जेवूनच गेले. सायंकाळी तळ्यावर गार वारा सुटला होता आणि मला मान्य केले पाहिजे, की वयाच्या सत्तरीत इतके सुख मी क्वचितच अनुभवले.

दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या कारंज्यांकडे जाताना एका ओढ्यावर ‘नेझ पर्स क्रीक’ अशी पाटी दिसली. मी गाडी थांबवावयास लावली. या ओढ्याच्या परिसरात ऑगस्ट १८७७ मध्ये दोन प्रकारचे प्रवासी एकमेकांना भेटले होते.

पहिले प्रवासी हौशी. मॉंटानातील रॅडर्सबर्ग गावचे जॉर्ज कोवन, त्यांची पत्नी एमा, तिची धाकटी बहीण, भाऊ आणि काही मित्र, असे मंडळ दोन आठवडे उद्यानात तळ देऊन राहिले होते. उद्यान स्थापन होऊन पाचच वर्षे झाली होती. २४ ऑगस्टला ते परत निघणार होते, आणि तो या दांपत्याच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस होता. दुसरे प्रवासी नेझ पर्स आदिवासी. ऑरिगनमधील वॅलोवा खोरे ही त्यांची भूमी. ती सोडण्याचा हुकूम निघाला, तंटा पेटला, आणि सुमारे आठशे माणसे, त्यांतली बहुसंख्य बायका, मुले आणि वृद्ध, दोन हजार घोडी घेऊन सैन्यापुढे पळत निघाली. पळता पळता ती यलोस्टोनमध्ये शिरली. त्यांनी सहलवाल्यांना धरले. मांडीत आणि डोक्यात गोळी लागून कोवन पडले. मेले असे समजून त्यांना तेथेच टाकले गेले. एमा आणि तिची भावंडे मात्र एक रात्र त्यांच्या तळावर राहिली आणि नायकांच्या आज्ञेने दुसऱ्या दिवशी सुखरूप सोडून देण्यात आली. कोवनही मेले नव्हते. ते खुरडत, सरपटत कित्येक मैल गेले आणि सैन्याला सापडले. विधवा झालो असे मानणाऱ्या एमाला तिचा नवरा परत मिळाला.

नेझ पर्स लोक आणखी सहा आठवडे पळाले. कॅनडाची सरहद्द चाळीस मैलांवर राहिली असता, ५ ऑक्टोबर १८७७ रोजी, त्यांचे नायक जोसेफ यांनी शस्त्रे खाली ठेवली. घरी पाठवू असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांना आधी कॅन्सास आणि मग दक्षिणेकडील उष्ण प्रदेशात नेण्यात आले, आणि तेथे पुष्कळ दगावले. जोसेफ १९०४ साली वॉशिंग्टन राज्यातील एका राखीव वस्तीवर वारले. वॅलोवाला राहावयास जाण्याची परवानगी त्यांना कधीच मिळाली नाही. कोवन दांपत्य मात्र पुढे पुन्हा यलोस्टोनच्या सहलीस आले आणि जॉर्ज यांनी आपण कोठे पडलो होतो ती जागा लोकांना दाखविली.

नातीने विचारले, “आजोबा, मग यात वाईट कोण?” कोवन कुटुंबाचा काही अपराध नव्हता. आपल्या घरातून हुसकलेल्या माणसांनी वाटेत भेटलेल्यांवर विश्वास ठेवावा, असे तरी कसे म्हणावे? मी तिला एवढेच सांगितले, की एकांना परत जायला घर होते आणि दुसऱ्यांना नव्हते.

हेच मला त्या रात्री तळावर निराळ्या रीतीने पाहायला मिळाले. तळाच्या कचेरीत कागदपत्रे पाहणारी एक बाई होती, वय माझ्याच आसपास. संध्याकाळी ती आपल्या कुत्र्याला फिरवीत आमच्यापाशी थांबली. ही मोडक्या इंग्रजीत कोणाशीही संसाराच्या गोष्टी बोलू शकते. तिने लाडवाची वाटी पुढे करून विचारले, “तुमचं घर कुठं?” बाईने झाडीआडच्या एका जुन्या, डागडुजी केलेल्या घरगाडीकडे बोट केले. हिला वाटले, ती गाडी दाखविते आहे, म्हणून पुन्हा विचारले, “तसं नव्हे, घर?” तेव्हा ती हसून म्हणाली, की हेच. २००८ सालच्या मंदीत कर्जाचे हप्ते थकून घर गेले, नंतर नवरा गेला. उन्हाळ्यात ती येथे काम करते आणि थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहते. तिने तक्रार केली नाही. उलट सूर्योदय फार सुंदर असतो असे सांगितले आणि लाडू कुत्र्याला न देता स्वतः खाल्ला. तिची गाडी आमच्या गाडीपासून पन्नास पावलांवर होती. दोन्हींत शेगडी, मोरी आणि पलंग होते.

आठव्या दिवशी आम्ही डेन्व्हरला परतलो. टाक्या रिकाम्या केल्या, केर काढला, हिने सवयीने मोरी घासली. त्या तरुणाने पुन्हा गाडीभोवती फेरी मारली. झाडाच्या फांदीने पडलेल्या एका नव्या ओरखड्याचे पैसे कापून घेतले, ते न्याय्यच होते. चिरंजिवांनी सही करून किल्ली परत केली. तेव्हा हिच्या प्रश्नाचे उत्तर मला पुरते गवसले. घराबाहेर जाऊन घरातच राहण्याची मौज सुचली ती ज्याच्या मागे घर उभे होते त्याला, ट्वायफर्डच्या डॉक्टरसाहेबांना. ठरल्या दिवशी किल्ली परत देता येते, म्हणूनच चाकांवरचे बिऱ्हाड गोड लागते. आम्ही आठ दिवस जे पैसे देऊन घेतले, तेच कोणाला जन्मभर फुकट मिळाले होते, आणि त्यांनी ते मागितले नव्हते.

साताऱ्यास आलो, पाऊस संपला, दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून आम्ही दोघे फाटकाशी गेलो. बीडकडील ऊसतोडीची माणसे साखर कारखान्याच्या हद्दीत चालली होती. ट्रॅक्टरमागच्या गाड्यांत कोप्यांसाठी बांबू आणि ताडपत्र्या, हंडे, पिठाचे डबे, कोयते, आणि त्या साऱ्यावर घोंगडीत गुंडाळलेली मुले. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे कामाचे पैसे आधीच खर्च झालेले. गावाकडे घराला कुलूप, नाहीतर दाराशी म्हातारी माणसे. दिवाळी त्यांची फडातच व्हायची.

चौकात गाड्या थांबल्या तेव्हा ही आत गेली आणि चकल्या-करंज्यांचा डबा घेऊन आली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीच्या हाती तो देताना तिने तिच्या आईला घर कुठले, हे या वेळी विचारले नाही. तिने विचारले, “पट्टा कधी पडतो गं, बाई? घरी कधी जाल परत?”

“ऊस सरंल तवा,” ती म्हणाली, आणि ट्रॅक्टर सुरू झाला.